दादाभाई नौरोजी : अपुऱ्या आकड्यांतून देशाचे दारिद्र्य मोजणारा गणिती

आपल्या निवासी शाळेच्या स्मरणिकेत थोर पुरुषांच्या चरित्रांना नेहमीच मानाचे स्थान मिळत आले आहे. समाजसुधारक, संत, स्वातंत्र्यसैनिक यांची चरित्रे आपण वाचतो आणि त्यांच्या त्यागापुढे नतमस्तक होतो. आज ज्यांची ओळख करून द्यावयाची आहे, त्या दादाभाई नौरोजींचे नावही आपल्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातून परिचित आहे. भारताचे पितामह, राष्ट्रसभेचे तीन वेळा अध्यक्ष, ब्रिटिश संसदेत निवडून गेलेले पहिले भारतीय अशी त्यांची बिरुदे परीक्षेसाठी पाठ केली जातात. परंतु ज्या एका कामामुळे त्यांनी साम्राज्याला उत्तर देण्यास भाग पाडले, ते काम मुळात गणिताचे होते. ज्या देशात धड जनगणनाही झालेली नव्हती, त्या देशातील माणसाचे सरासरी उत्पन्न किती, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि हाती असलेल्या तुटपुंज्या आकड्यांतून त्याचे उत्तर काढून दाखविले.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ रोजी एका गरीब पारशी पुरोहित कुटुंबात झाला. ते चार वर्षांचे असताना वडिलांचे छत्र हरपले. आई माणेकबाई निरक्षर होत्या. परंतु मुलाने शिकावे हा त्यांचा निर्धार पक्का होता. त्या काळी मुंबईत नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षण विनामूल्य मिळत असे. फी द्यावी लागली असती, तर आपल्या आईला ती परवडली नसती, याची जाणीव दादाभाईंनी आयुष्यभर बाळगली. समाजाच्या पैशाने आपण शिकलो, तेव्हा आपले ज्ञान समाजाचे देणे आहे, ही त्यांची धारणा त्यातूनच घडली. आपल्या वसतिगृहात राहून शिकलेल्या अनेक माजी विद्यार्थ्यांना ही भावना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

त्यांच्या शाळकरी वयातील एक प्रसंग मोठा बोलका आहे. तोंडी हिशेबात ते तरबेज होते. एका जाहीर परीक्षेत हिशेबाच्या तयार कोष्टकांचे पुस्तक, म्हणजे रेडी रेकनर, तोंडपाठ करून आलेल्या दुसऱ्या मुलाला बक्षीस मिळाले. परंतु त्यानंतर पुस्तकाबाहेरचे प्रश्न विचारले गेले तेव्हा तो मुलगा थबकला आणि दादाभाईंनी भराभर उत्तरे दिली. समारंभास आलेल्या एका इंग्रज गृहस्थाने तेथल्या तेथे आपल्या पदरचे बक्षीस त्यांना दिले. पाठांतराचे मोल पुस्तकाच्या शेवटच्या पानापर्यंतच असते. त्यापुढे ज्याला हिशेबाची रीत ठाऊक असते, तोच चालू शकतो. पुढे सारा देश मोजावयास निघालेल्या या मुलापुढे कोणतेच तयार कोष्टक असणार नव्हते.

एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षण पूर्ण करून ते तेथेच अध्यापक झाले आणि लवकरच गणित व निसर्गविज्ञान या विषयांचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्या पदावर बसणारे ते पहिले भारतीय होत. याच काळात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलींसाठी शाळा काढल्या आणि नोकरीचे तास सांभाळून तेथे विनावेतन शिकविले. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींसाठी शाळेचे दार उघडले, ते साल १८४८. मुंबईतील हे काम त्यापाठोपाठचे. १८५१ मध्ये त्यांनी रास्त गोफ्तार हे गुजराती पत्र सुरू केले.

१८५५ मध्ये कामा कुटुंबाच्या व्यापारी पेढीचे भागीदार म्हणून ते लंडनला गेले. अफू आणि मद्य यांच्या व्यापारातील नफा घेणे त्यांच्या मनाला पटेना, म्हणून काही वर्षांत ते त्या पेढीतून बाहेर पडले व त्यांनी स्वतःचा कापसाचा व्यापार सुरू केला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते गुजरातीचे प्राध्यापकही होते. १८६६ मध्ये ईस्ट इंडिया असोसिएशन ही संस्था त्यांनी उभी केली. त्याच वर्षी ओरिसात भयंकर दुष्काळ पडून सुमारे दहा लाख माणसे मेली. हिंदुस्थान सुखी व समृद्ध होत आहे, असे इंग्लंडातील अधिकारी सांगत होते आणि तेथे माणसे अन्नावाचून मरत होती. या दोन गोष्टींपैकी खरी कोणती, हे ठरविण्याचे साधन कोणाजवळच नव्हते.

येथे क्षणभर थांबून त्या काळची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. सर्व देशाची पहिली जनगणना १८७२ च्या सुमारास झाली आणि तीही निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वेळी. एकाच वेळी सर्वत्र झालेली शिरगणती १८८१ ची. देशात किती धान्य पिकते, याची एकत्र नोंद कोठेही नव्हती. अशा वेळी दोन मार्ग सोपे असतात. एक, माहिती नाही म्हणून गप्प बसावे. दुसरा, माहिती नसतानाही मनाला येईल ते छातीठोकपणे सांगावे. दादाभाईंनी तिसरा मार्ग धरला. जे ठाऊक आहे तेथून पायरी पायरीने जे ठाऊक नाही तेथवर जावे, प्रत्येक पायरीवर किती चूक संभवते ते पाहावे आणि आलेले उत्तर सर्वांपुढे तपासणीसाठी ठेवावे.

१८७० मध्ये त्यांनी पहिला हिशेब मांडला. तो इतका सोपा होता की आपल्या सातवीतील विद्यार्थ्यालाही करता यावा. सरकारला शेतसाऱ्यापासून वर्षाला सुमारे २ कोटी १० लाख पौंड मिळत. सारा हा एकूण पिकाच्या साधारण आठव्या हिश्श्याएवढा धरला, तर पिकाची एकूण किंमत सुमारे १७ कोटी पौंड होते. त्यात अफू, मीठ, कोळसा इत्यादी मिळविले तरी बेरीज २० कोटींच्या आतच राहते. आपल्याकडून काही सुटले असेल, म्हणून ती थेट ३० कोटींवर नेली आणि १५ कोटी लोकसंख्येने भागली, तरी दर माणशी वर्षाला दोन पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने २० रुपये पडतात. एकाच ज्ञात आकड्यावरून संपूर्ण देशाच्या मिळकतीची कमाल मर्यादा त्यांनी ठरविली होती.

परंतु एका वाटेने मिळालेल्या उत्तरावर त्यांचे समाधान झाले नाही. हिंदुस्थानच्या आर्थिक कारभाराच्या चौकशीसाठी संसदेची समिती बसली होती, तिच्यापुढे १८७३ मध्ये त्यांनी साक्ष दिली आणि दुसऱ्या वाटेने केलेला सविस्तर हिशेब सादर केला. समितीने तो आपल्या अहवालात छापला नाही. तेव्हा १८७६ मध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे हिंदुस्थानचे दारिद्र्य या विषयावरील निबंध वाचून त्यांनी तो लोकांसमोर ठेवला.

ही दुसरी वाट कष्टाची होती. प्रत्येक प्रांताचे सरकारी अहवाल घेऊन मुख्य पिकाखाली किती एकर जमीन, एकरी उतारा किती आणि बाजारभाव काय, हे त्यांनी पाहिले. तिन्हींचा गुणाकार म्हणजे त्या पिकाची किंमत. सर्व प्रांतांची बेरीज सुमारे २७ कोटी ७० लाख पौंड आली. त्यातून बियाण्यासाठी अवघे सहा टक्के वजा करता २६ कोटी उरले. मीठ, अफू, कोळसा व व्यापारातील नफा यांचे १ कोटी ७० लाख, कारागिरीचे दीड कोटी, दूध, मांस व मासळीचे दीड कोटी आणि जे काही ध्यानात आले नसेल त्यासाठी तब्बल ३ कोटी त्यांनी मिळविले. एकूण बेरीज ३४ कोटी पौंडांच्या घरात गेली. लोकसंख्या १७ कोटी. उत्तर पुन्हा तेच : दर माणशी वर्षाला २० रुपये, म्हणजे दिवसाला एक आणासुद्धा नाही.

या हिशेबातील दोन गोष्टी विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली गोष्ट सरासरीची. सरकारी अहवालांत जिल्ह्याजिल्ह्याचा एकरी उतारा लिहून त्यांची बेरीज करीत आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागीत. यातील चूक दादाभाईंनी उघड केली. समजा, एका जिल्ह्यात १,००,००० एकरांवर एकरी ३०० किलो पीक येते आणि दुसऱ्यात अवघ्या १,००० एकरांवर एकरी ९०० किलो. दोहोंची सरळ सरासरी ६०० किलो होते. परंतु सगळे पीक एकत्र करून सगळ्या एकरांनी भागले, तर खरी सरासरी ३०६ किलोच निघते. कागदावर पीक दुप्पट झाले. कोठारात मात्र दाणाही वाढला नाही. अशा चुकीच्या सरासरीमुळे गरीब मुलूख कागदावर सधन दिसू शकतो.

दुसरी गोष्ट सचोटीची. दादाभाईंना देशाचे दारिद्र्य सिद्ध करावयाचे होते. शंका येईल तेथे आकडा कमी धरणे त्यांच्या सोयीचे होते. त्यांनी नेमके उलट केले. बियाण्याची वजावट कमी धरली, सुटलेल्या गोष्टींसाठी भरपूर रक्कम मिळविली आणि प्रत्येक संशयाचा फायदा प्रतिपक्षाला दिला. म्हणूनच त्यांचे म्हणणे बळकट झाले. एवढे सगळे वाढवूनही हातात २० रुपयेच येतात, तेव्हा खरे उत्पन्न फार मोठे असण्याची शक्यता उरत नाही. अंदाज बांधताना आपल्या मनासारख्या उत्तराच्या विरुद्ध बाजूला झुकावे, हा धडा आजही तितकाच मोलाचा आहे.

मात्र २० रुपये हा नुसता आकडा झाला. तो थोडा की फार, हे कशावरून ठरवावयाचे? दादाभाईंनी त्याला तुलनेची जोड दिली. परदेशी मळ्यांवर मजुरीसाठी जहाजाने नेल्या जाणाऱ्या लोकांना जिवंत ठेवण्यापुरता शिधा सरकारने ठरवून दिला होता. त्याची किंमत त्यांनी काढली. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च सरकारी अहवालांतून घेतला. बहुतेक प्रांतांत तो खर्चही दर माणशी उत्पन्नापेक्षा अधिक भरला. पुढे पंजाबचा अधिक बारकाईने अभ्यास करून त्यांनी दाखविले की, साध्या शेतमजुराच्या निव्वळ गरजा भागविण्यास वर्षाला ३४ रुपये लागतात आणि उत्पन्न २० रुपयांच्या आसपास आहे. गुन्हा करून तुरुंगात गेलेल्या माणसाला जे मिळते, तेवढेही घाम गाळून पिकविणाऱ्या माणसाच्या वाट्याला येत नाही, हे सत्य त्या एका तुलनेने उघडे पडले.

इंडिया ऑफिसमधील डॅन्व्हर्स या अधिकाऱ्याने त्यांच्या पंजाबविषयीच्या आकड्यांना आव्हान दिले. रेल्वेने माल दूरच्या बाजारात जाऊ लागल्याने मालाचे मूल्य वाढते, तेही मिळकतीत धरावे असा त्याचा रोख होता. दादाभाईंनी शांतपणे दाखवून दिले की, गहू पंजाबातून मुंबईस नेल्याने एक दाणाही जास्त पिकत नाही. भाव वाढला तरी खाणाऱ्याच्या ताटात भर पडत नाही. वाद झाला तो आकड्यांवर आणि रीतीवर. हेच दादाभाईंना हवे होते. राज्यकर्त्यांपुढे आजवर केवळ तक्रारी गेल्या होत्या. आता त्यांच्याच अहवालांतून काढलेला हिशेब गेला होता आणि तो खोडावयाचा तर दुसरा हिशेब मांडणे भाग होते. १८८२ मध्ये सरकारच्या वतीने बेअरिंग व बार्बर यांनी अंदाज केला, तो २७ रुपयांचा. १९०१ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी सांगितला, तो ३० रुपयांचा. विल्यम डिग्बी या इंग्रज अभ्यासकाचा अंदाज तर दादाभाईंहूनही खाली गेला. कोणाचाही आकडा शंभराच्या जवळपास गेला नाही. वीस की तीस, यावर मतभेद राहिला. हिंदुस्थान अत्यंत दरिद्री आहे, यावर राहिला नाही. ढोबळ अंदाजाचे कार्य एवढेच असते आणि ते फार मोठे असते.

दादाभाईंचे पुढील आयुष्य सर्वांना ठाऊक आहे. १८७४ मध्ये काही काळ ते बडोद्याचे दिवाण होते. १८८६, १८९३ आणि १९०६ या वर्षी ते राष्ट्रसभेचे अध्यक्ष झाले. १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून हाताच्या बोटांवर मोजता येईल इतक्या मताधिक्याने ते संसदेत निवडून गेले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगाचे ते सदस्य होते. देशाच्या संपत्तीचा मोठा भाग दरवर्षी परत न येण्यासाठी इंग्लंडला वाहून जातो, हा त्यांचा सिद्धान्त आणि तीस वर्षांचे हिशेब १९०१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. ३० जून १९१७ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

आपल्या भागाचा या कथेशी काय संबंध, असा प्रश्न पडू शकेल. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हाच्या खानदेशात होता आणि खानदेश मुंबई इलाख्यात. म्हणजे अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, शहादा, नवापूर येथील आपले पूर्वजही त्या १७ कोटींच्या सरासरीत होते. मात्र सातपुड्यातील माणसाचे जगणे सरकारी पीकपाण्याच्या नोंदीत पुरते मावत नव्हते. मोहाची फुले, चारोळी, मध, कंदमुळे आणि डोंगरउतारावरची थोडीशी नागली-भगर यांचा हिशेब कोण ठेवणार? सुटलेल्या गोष्टींसाठी म्हणून मिळविलेल्या ३ कोटी पौंडांत ते सारे गृहीत धरावे लागते. ज्यांची नोंद होत नाही, ती माणसे अशा रीतीने हिशेबाच्या शेवटच्या ओळीत जातात.

सरासरीची आणखी एक मर्यादा आहे आणि ती आपण प्रांजळपणे मांडली पाहिजे. २० रुपये सर्वांना सारखे मिळत नव्हते. वरच्या वर्गाचा वाटा मोठा असल्याने गरिबाच्या हाती त्याहूनही कमी येते, हे स्वतः दादाभाईंनी नोंदविले होते. परंतु त्यांच्या मांडणीचा रोख इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यातील देवघेवीवर होता. त्याच काळात महात्मा फुले शेतकऱ्याच्या दुःस्थितीची कारणे सरकारबरोबरच गावातील भटशाही, सावकारी आणि जातिव्यवस्था यांतही शोधीत होते. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या पदरात त्या २० रुपयांपैकी किती पडत होते, हा प्रश्न सरासरीच्या पोटात दडून राहिला.

तो प्रश्न घेऊन पुढची पिढी आली. बडोद्याच्या गादीवर पुढे आलेले सयाजीराव गायकवाड हे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे, आपल्या खानदेशाच्या शेजारचे. त्यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी लिहिलेल्या प्रबंधाच्या नावातच भारताचा राष्ट्रीय लाभांश हे शब्द होते. राष्ट्राची एकूण मिळकत आणि तिची वाटणी हा विषय दादाभाईंनी चर्चेत आणला होता. बाबासाहेबांनी त्याच क्षेत्रात सरकारी जमाखर्चाची कसून चिकित्सा केली. त्यांचा हा अभ्यास १९२५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. भावनेला आकड्यांचा आधार द्यावा, ही शिस्त बाबासाहेबांच्या लेखनातही पानोपानी दिसते.

पाश्चात्त्य विज्ञानात अशा ढोबळ अंदाजाशी एन्रिको फर्मी या इटालियन शास्त्रज्ञाचे नाव जोडले जाते. १९४५ मध्ये पहिल्या अणुस्फोटाच्या वेळी त्यांनी कागदाचे कपटे हातातून सोडले आणि धक्क्याच्या लाटेने ते किती दूर उडाले, यावरून स्फोटाची शक्ती सांगितली. त्यांचे उत्तर प्रत्यक्षाच्या साधारण निम्मे होते. दहापट चुकले नाही, हीच त्या रीतीची कसोटी. दादाभाईंनी हीच रीत फर्मींच्या जन्मापूर्वी तीस वर्षे, माणसांच्या भुकेच्या मोजमापासाठी वापरली होती.

ही रीत आपल्या मुलांनाही साधावी. समजा, एखाद्या वसतिगृहात ३०० मुले आहेत. प्रत्येकाला दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम धान्य लागते. दिवसाचे झाले १२० किलो. शाळेचे २४० दिवस धरले तर वर्षाचे सुमारे २९० क्विंटल. एकरी चार-पाच क्विंटल ज्वारी पिकणारी कोरडवाहू जमीन असेल, तर एवढ्या धान्यासाठी ६० ते ७० एकर लागतील. हे गणित पाच मिनिटांचे आहे. परंतु ते केल्यावर ताटात भाकरी टाकून देणारा हात थबकतो. गावातील विहिरीचे पाणी उन्हाळ्याला किती दिवस पुरेल, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या हाती उचल फिटल्यावर काय उरेल, जाहीर झालेल्या योजनेतील रक्कम प्रत्येक घराच्या वाट्याला किती येईल, हे प्रश्नही असेच सोडविता येतात. ज्याला असा हिशेब येतो, त्याला मोठ्या आकड्यांनी सहजासहजी दिपवता येत नाही.

आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुले आज शिक्षक, परिचारिका, ग्रामसेवक, शेतकरी, कर्मचारी म्हणून ठिकठिकाणी काम करीत आहेत. त्यांपैकी अनेकांच्या घरात शाळेची पायरी चढणारी ती पहिलीच पिढी होती. विनामूल्य शाळेत शिकलेल्या एका विधवेच्या मुलाने, साम्राज्याचेच अहवाल हाती घेऊन, साम्राज्याला हिशेब विचारला. पुस्तकातील कोष्टके संपतात तेथून पुढे चालण्याचे बळ आपल्या मुलांच्या अंगी यावे, आणि आपल्या डोंगरातील जी माणसे आजही हिशेबाच्या शेवटच्या ओळीत आहेत, त्यांची मोजणी करण्याचे काम त्यांनी हाती घ्यावे, हीच या थोर गणितज्ञाला खरी आदरांजली ठरेल.